पाणी-सरबताच्या जुन्या काचेच्या जगावरचा पांढरा-तांबूस थर कसा काढावा?

डिचोलीची सून
सासूबाईंचे काचेचे दोन जग माळ्यावरून खाली काढलेत. त्यांच्या लग्नातले, १९६३ सालचे. गणेश चवथीला घरी येणाऱ्यांना कोकम सरबत यातूनच द्यायचं, हा त्यांचा शिरस्ता. मधल्या काळात कुणीतरी त्यांच्या फुलदाण्या केल्या. बोअरवेलचं पाणी आटलं की वरून आणखी ओतायचं, असं कितीतरी वर्षं चाललं. आता गळ्याशी चुन्यासारखी पांढरी कडी आहेत आणि तळाला तांबूस थर. आमच्या भागातलं पाणी बादलीसुद्धा तांबडी करतं, तिथं काचेचं काय!

भांड्यांचा साबण झाला. खायचा सोडा रात्रभर ठेवून झाला. मग ब्लिचिंगचं पाणी घातलं, तर तांबडा डाग उलट गडद दिसायला लागला. गळा अरुंद, माझा हात आत जात नाही. सासूबाई ८२ वर्षांच्या आहेत. काही बोलत नाहीत, पण रोज जग उजेडात धरून बघतात आणि परत ठेवतात. मला ते चवथीआधी स्वच्छ करून त्यांच्या हातात द्यायचेत.

परसातली बिंबल
ताई, दहा-बारा बिंबलं (परसातल्या झाडाची ती आंबट हिरवी फळं) ठेचून पाण्यासकट जगात घाला आणि रात्रभर ठेवा. माझी आई कपड्यांवरचे लोखंडाचे डाग याच रसानं काढायची. पितळेची समईसुद्धा बिंबलानं लख्ख होते. विकतचं काही लागत नाही.

फोंड्याचा मास्तर
बिंबलाचा उपाय खरा आहे, पण थांबा, आधी बिंबल नको. शाळेच्या प्रयोगशाळेत काचसामान धुण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तुमच्या जगावर दोन वेगळे थर आहेत. पांढरा तो चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तांबूस तो लोखंडाचा गंज. बिंबलात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं. ते गंज छान सोडवतं, पण चुन्याला भेटलं की कॅल्शियम ऑक्झॅलेट तयार होतं. ते पाण्यात विरघळत नाही, व्हिनेगरलाही दाद देत नाही. एक पांढरा थर काढायला जाऊन दुसरा, त्याहून चिवट, बसायचा. म्हणून आधी चुना घालवा, मग गंज.

चुन्यासाठी पांढरं व्हिनेगर पाणी न मिसळता घाला. माडाचं व्हिनेगरही चालतं, फक्त त्याला रंग आणि गाळ असतो, थर किती सुटला ते दिसत नाही. बारीक बुडबुडे आले की समजा, चुना विरघळतोय. बुडबुडे थांबले आणि कडं शिल्लक असलं, तर ओतून ताजं घाला. गळ्याशी व्हिनेगर टिकत नसेल तर जग काठोकाठ भरा. सोड्यानं काही झालं नाही कारण सोडा स्वतःच अल्कधर्मी, त्याला चुना विरघळवता येत नाही. ब्लिचिंगनं लोखंडाचा डाग पक्का होतो.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो. ब्लिचिंगचा अंश आत असताना व्हिनेगर किंवा बिंबल अजिबात घालू नका, क्लोरीन वायू सुटतो. आधी चार-पाच वेळा विसळा. संडास साफ करायचं ॲसिडही नको.

हात जात नसेल तर मूठभर कोरडे तांदूळ, मिठागरातलं जाडं मीठ आणि थोडं व्हिनेगर घालून जग गोल फिरवा. मीठ काचेपेक्षा मऊ, ओरखडे पडत नाहीत. वाळू घालू नका.

मडगावची माई
आणि कढत पाणी ओतू नका गो. माझ्या आईचा जग तसाच तडकला, माझ्याच हातून. अजून जीव हळहळतो. जग फार जड असेल आणि टिचकी मारल्यावर बराच वेळ घुमत असेल, तर काचेत शिसं असू शकतं. तसल्यात आंबट काही रात्रभर ठेवू नये, कोकम सरबतही नको.

डिचोलीची सून
मास्तर, माई, बिंबलवाल्या ताई, खूप आभार. जग हलके आहेत, टिचकी मारली की टक् एवढंच वाजतं.

ब्लिचिंगचं पाणी सहा वेळा विसळून काढलं. व्हिनेगर घालताच गळ्याशी बुडबुडे आले, दोन दिवसांत तीनदा बदललं. मग पाण्यानं धुऊन शेजारच्या परसातली बिंबलं ठेचून घातली. सकाळी ओतलं तेव्हा रस गढूळ आणि तळ स्वच्छ! पुढे तांदूळ-मीठ फिरवलं आणि बराच वेळ धूत बसले.

पहिला जग नवा वाटावा असा झाला. दुसऱ्यावर धुकं राहिलंय. ओला असताना दिसत नाही, वाळला की दिसतं. नखाला काही लागत नाही.

फोंड्याचा मास्तर
आम्लानंही गेलं नाही आणि नखाला लागत नाही, म्हणजे तिथं काचेचा पृष्ठभागच झिजलाय. वर्षानुवर्षं पाणी साठून राहिलं की असं होतं. आता घासत बसू नका, काच आणखी खराब होईल.

डिचोलीची सून
सासूबाईंना तसंच सांगितलं. त्यांनी पहिल्या जगात पाणी भरून तो खिडकीत ठेवला आणि आरपार परसाकडे बघत राहिल्या. दुसऱ्यात चवथीला सोलकढी ठेवायची, म्हणाल्या. पांढरट गुलाबी सोलकढीत धुकं दिसणार नाही.