मदत हवी आहे: दहावीला स्टँडर्ड की बेसिक गणित? (इंदूर, सीबीएसई)

नमस्कार मंडळी. भाची लोकमान्य नगरात राहते, आता दहावीत आहे. शाळेत लवकरच गणिताचा पर्याय लिहून द्यायचा आहे. अभ्यासक्रम दोन्हींचा एकच, 80 गुणांचा पेपर आणि 20 अंतर्गत. फरक फक्त पेपरच्या काठिण्यात. पण खरी अडचण अकरावीला येते. मूळ नियमाप्रमाणे बेसिकवाल्यांना अप्लाइड गणित मिळतं, 041 (अकरावीच्या नेहमीच्या गणिताचा कोड) हवं तर पुरवणी परीक्षेत स्टँडर्ड पास व्हावं लागतं. मधे काही वर्षं यात सूट होती, म्हणून शाळेकडून चालू वर्षाचं लेखी उत्तर घ्यायला ताईला सांगितलंय. (कोड नीट बघा: दहावीचं 241 म्हणजे बेसिक, अकरावीचं 241 म्हणजे अप्लाइड!)

पोरीला अजून इंजिनिअरिंग की कॉमर्स ठरवता येत नाही, म्हणून माझं मत स्टँडर्डच. दार उघडं राहतं.

काळजी पायाची आहे. (x²−9)/(x−3) मधे x ला 3 च्या जवळ नेलं की ती थेट 3 घालते, 0/0 येतं आणि उत्तर शून्य लिहून मोकळी होते. अवयव पाडून x+3 उरतं, उत्तर 6, हे सुचतच नाही. म्हणजे कच्चं अवयवच आहे, लिमिट नाही.

विचारायचं एवढंच: दहावी झाल्यावरच्या सहा आठवड्यांत अवयव, अपूर्णांकी राशी, त्रिकोणमितीची सूत्रं आणि रेषेचा आलेख कोणत्या क्रमाने घ्यावेत? राजवाडा किंवा सुदामा नगर भागात दहावी-अकरावीचा दुवा नीट सांधून देणारे मराठी सर किंवा बाई असतील तर कृपया सुचवा.