इंटर्नमेंटला मराठीत काय म्हणायचं? नजरकैद, स्थानबद्ध की हद्दपार?

दुसऱ्या महायुद्धात कॅनडातल्या जपानी कुटुंबांचं जे झालं त्यावर मराठीत लिहितेय. इंटर्नमेंटला, म्हणजे युद्धात खटल्याशिवाय सरकारने लोकांना डांबून ठेवण्याला, नजरकैद लिहिलेलं दिसतं पण मला काही ते पटत नाहीये, नजरकैदेत माणूस आपल्याच घरात असतो नि दाराशी पोलीस, इथे तर घरंच गेली. छळछावणी लिहिलं की वाचणारा थेट हिटलरकडे पोचतो. काय वापरू?

— स्थानबद्ध. सावरकर रत्नागिरीत होते तसे, जिल्हा ठरवून दिलेला, परवानगीशिवाय बाहेर पडायचं नाही. ग्रीनवूड, कास्लो, न्यू डेन्व्हर असल्या ओस पडलेल्या खाणगावांत ही कुटुंबं नेऊन ठेवली, तिथे बहुतेक ठिकाणी काटेरी तारासुद्धा नव्हत्या, डोंगरच आडवे. अमेरिकेतल्या जपान्यांच्या मान्झानार, टुली लेक या छावण्यांना मात्र कुंपण, पहारे सगळं होतं, तिथे सरळ बंदिछावणी लिहा.

— स्थानबद्ध बरोबर पण ती नंतरची पायरी झाली ना. आधी १९४२ मध्ये पॅसिफिक किनाऱ्यापासून १०० मैलांच्या पट्ट्यातून जपानी वंशाच्या सगळ्यांना काढलं, एकवीस-बावीस हजार माणसं आणि त्यातली बहुतेक कॅनडाचीच नागरिक. आपल्याकडे याला तडीपार म्हणतात, फक्त तडीपार म्हटलं की डोळ्यांपुढे गल्लीतला दादा येतो आणि यांच्यावर तर कसला आरोपच नव्हता, म्हणून हद्दपार बरं. आणि मधे व्हँकुव्हरच्या हेस्टिंग्ज पार्कात जनावरांच्या गोठ्यांत बायकापोरं ठेवलेली, तिथे खुशाल कोंडवाडा लिहा.

— आपल्याकडेही झालंय हे. मलाया-सिंगापूरचे जपानी इंग्रजांनी आधी दिल्लीच्या पुराना किल्ल्यात नि मग राजस्थानात देवळीला आणून ठेवले होते. त्याच देवळीत १९६२ला भारतातले चिनी, आणि तेव्हा तर सरकार आपलंच.

— हे माहीत नव्हतं, धन्यवाद. अजून दोन शब्द अडलेत. युद्ध संपता संपता सांगितलं की रॉकीज डोंगरांच्या पूर्वेला जा नाहीतर जपानला, त्यात १९४६ला सुमारे ४,००० लोक बोटीने गेले. सरकारी शब्द रिपॅट्रिएशन. मायदेशी पाठवणी चालेल?

— अजिबात नको! त्यातली कितीतरी पोरं कॅनडात जन्मलेली, जपान बघितलाच नव्हता, त्यांचा मायदेश तो कसा काय? आणि पाठवणी लग्नात होते. देशोधडीला लावलं लिहा.

— बरं. आणि कस्टोडियन? घरं, शेतं सांभाळायला म्हणून ज्या सरकारी अधिकाऱ्याच्या ताब्यात दिली त्यानेच १९४३पासून मालकांना न विचारता विकली, वर ते पैसे त्यांच्याच छावणीतल्या खर्चाला लावले. राखणदार?

— कस्टोडियनच ठेवा हो, याला राखणदार म्हटलंत तर कोकणातली मंडळी नारळ घेऊन भांडायला येतील.