मदत हवी आहे: सुती कॅनव्हासच्या तंबूची शिवण गळते

साताऱ्यात ताडपत्री शिवणाऱ्या कारागिराकडून ३४० जीएसएम (चौरस मीटरला ३४० ग्रॅम) सुती कॅनव्हासचा ७ बाय ७ फुटांचा तंबू शिवून घेतला. दोन बांबू, मधे दोरी, आत दोघं. कापड उत्तम आहे. दोनदा भिजवून वाळवल्यावर सूत फुगून वीण घट्ट झाली, आता थेंब आत येत नाही. गळते ती फक्त माथ्यावरची शिवण: एकेरी टीप, पॉलिस्टर दोरा. मेणबत्ती घासून इस्त्री फिरवली, दोन सरींपुरतं थांबलं. वर प्लास्टिक टाकायचं नाही, आत दमट होतं. सामान बाइकवर, म्हणून वजनही वाढायला नको. जूनच्या आत कोयनेकडे जायचंय.

शिवण उसवून, कड दुमडून सुती दोऱ्याने दुहेरी टीप मारू का? मग सुईची जुनी भोकं कशी बुजवायची?