मदत हवी आहे: वडिलांच्या नावावर पकड वॉरंट आहे का, कसं बघायचं? आणि रद्द कुठं होतं?

बालाघाट

नमस्कार मंडळी. आम्ही धारूर तालुक्यातले. वडील, म्हणजे आमचे अण्णा, ऊसतोडीचे मुकादम. मी वाळूजला कंपनीत असतो. परवा बीट हवालदारांनी गावच्या पोलीस पाटलांना फोन केला, की मुकादमाचं सांगली जिल्ह्यातल्या कोर्टातून पकड वॉरंट आलंय, त्यांना ठाण्यात पाठवा. तेव्हापासून घरात कुणाच्या घशाखाली घास उतरेना.

मागचं असं. तिकडच्या एका वाहतूक ठेकेदाराकडून अण्णांनी टोळीसाठी उचल घेतली, तेव्हा त्यानं सही केलेला कोरा चेक ठेवून घेतला. पुढं टोळीतले काही कोयते, म्हणजे तोड करणारी जोडपी, उचल घेऊन दुसऱ्याच कारखान्याला गेले, हिशोब फिटला नाही. ठेकेदारानं चेक बँकेत टाकला आणि तो परत गेला. नोटीस, समन्स आलं असेल तर ते आमच्या कुलपाला आलं असेल. दसरा झाला की आम्ही तोडीवर, ते पाडव्याच्या सुमाराला माघारी. अण्णांच्या हातात एकही कागद पडलेला नाही.

वॉरंट खरंच आहे का, हे ठाण्यात न जाता कळतं का? आमच्याच तालुक्याच्या कोर्टात ते रद्द होईल का? चुलते म्हणतात सहा महिने बाहेर राहा, वॉरंट आपोआप बाद होतं. खरंय का? अण्णांना बीपी आहे, म्हणून जास्त काळजी वाटते.

मांजराकाठ

चुलत्यांचं ऐकू नका, हे पहिलं. वॉरंटला मुदत नसते. ज्या कोर्टानं काढलं ते रद्द करीपर्यंत किंवा बजावणी होईपर्यंत ते लागूच राहतं. आधी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ७० मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे. लपून राहिलात तर पुढची पायरी फरारी म्हणून जाहीरनामा आणि मालमत्तेवर टाच. सहा महिन्यांच्या नादात शेतजमीन अडकायची.

आता बघायचं कसं. ई-कोर्ट्सचं ॲप घ्या. राज्य, जिल्हा, तालुक्याचं कोर्ट निवडा आणि पक्षकाराच्या नावानं शोधा. केस कोणत्या वर्षी दाखल झाली ते विचारतं, माहीत नसेल तर एकेक वर्ष टाकून बघा. नाव इंग्रजीत असतं आणि स्पेलिंग कुणी काय केलंय सांगता येत नाही, म्हणून नुसतं आडनाव टाकलेलं बरं. केस सापडली की १६ अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर आधी लिहून घ्या, पुढं सगळं त्याच्यावर निघतं. मागच्या तारखांवर दाबलं की त्या दिवशी कोर्टात काय झालं ते उघडतं. टप्प्यात ‘एनबीडब्ल्यू’ दिसलं तर अजामीनपात्र, नुसतं ‘बीडब्ल्यू’ असेल तर जामीनपात्र.

आणखी एक. हवालदारांचा फोन पोलीस पाटलांमार्फत आलाय, म्हणजे खरा असणार. पण व्हॉट्सॲपवर वॉरंटचा फोटो पाठवून कुणी दंड भरायला क्यूआर कोड दिला, तर एक रुपयाही टाकू नका आणि १९३० ला कळवा. वॉरंट असं पैसे टाकून मिटत नाही.

बालाघाट

सापडली केस, दादा. लई आभार. अण्णांचं नाव एका जास्तीच्या ‘ए’सह होतं, आडनावावरून निघालं. एससीसी, म्हणजे संक्षिप्त फौजदारी खटला, म्हणून नोंद आहे, चेक न वटल्याचं कलम १३८. आधी समन्स, मग बीडब्ल्यू, आणि आता एनबीडब्ल्यू. पण व्यवहार बीड जिल्ह्यात ठरला, चेक आमच्या इथल्या बँकेचा, मग केस तिकडं कशी?

माजी शिरस्तेदार

चेकच्या कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर चेक घेणाऱ्यानं ज्या शाखेतल्या आपल्या खात्यात तो भरला, तिथल्या कोर्टात केस चालते. म्हणून बीड, धाराशिवकडच्या मुकादमांना सांगली, कोल्हापूर गाठावं लागतं. वॉरंटही तेच कोर्ट रद्द करणार. तुमच्या तालुक्याच्या न्यायाधीशांना तो अधिकार नाही, ठाण्याच्या साहेबांना तर नाहीच.

मी आयुष्यभर कोर्टात काम केलं, त्यावरून सांगतो. माणूस आपल्या पायानं हजर झाला आणि धरून आणला, यात न्यायाधीशांच्या नजरेत फार फरक पडतो. तिथला स्थानिक वकील फोनवरूनच लावा. त्याला आधी प्रत्यक्ष रोजनामा, म्हणजे केसच्या कामकाजाची कोर्टातली नोंद, बघू द्या, कारण ऑनलाइन नोंद कधी मागं राहिलेली असते. नेमलेली तारीख लांब असेल तर केस हजर होण्याच्या दिवशीच्या बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या कामाच्या यादीत, घ्यायचा अर्ज देता येतो. मग अण्णांनी सकाळी कोर्ट बसायच्या आधी हजर राहायचं. वकीलपत्र, वॉरंट रद्द करण्याचा अर्ज आणि जामिनाचा अर्ज एकत्रच द्यायचे. बहुतेक न्यायाधीश आरोपी समोर उभा असल्याशिवाय अर्जाकडे बघत नाहीत, म्हणून ‘वकील सांभाळून घेतील, तुम्ही घरी थांबा’ असं कुणी म्हटलं तर मानू नका.

अर्जात गैरहजेरीचं कारण नीट लिहा. तोडीच्या काळात गावात नव्हतो हे नुसतं म्हणून भागत नाही. कारखान्याची तोडणी-वाहतुकीची बिलं, टोळीचा करार, असेल तर ग्रामपंचायतीचा दाखला सोबत जोडा. वॉरंट अजामीनपात्र असलं तरी कलम १३८ चा गुन्हा मुळात जामीनपात्र आहे, त्यामुळे जामीन हा अण्णांचा हक्क आहे. मागच्या तारखा चुकल्या म्हणून कोर्ट थोडी कॉस्ट, म्हणजे खर्चाची रक्कम, बसवील, ती त्याच दिवशी भरायची तयारी ठेवा.

बालाघाट

जामीनदाराचीच अडचण आहे साहेब. तिकडं आमचं कोण? मामा यायला तयार आहेत, पण त्यांचा सातबारा केज तालुक्यातला. वकील म्हणतात स्थानिक जामीनदार बघा. आणि जाताना वाटेतच धरलं तर?

तेरणा

मी विधी सेवा समितीची स्वयंसेवक आहे, हा प्रश्न नेहमी येतो. जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातला आहे एवढ्यावरून त्याला नाकारता येत नाही. १९७८ च्या मोती राम खटल्यात सुप्रीम कोर्टानं हे स्पष्ट सांगितलंय. तो गरीब गवंडी होता, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याचा जामीन खालच्या कोर्टानं नाकारला होता. वकिलांना हे नाव सांगा. मामांनी ताजा सातबारा, आधार, रेशन कार्ड आणि जमल्यास तहसीलचा ऐपतदाखला घेऊन यावं. तरी अडलं तर रोख रक्कम भरून घेण्याची विनंती करता येते.

वाटेत किंवा गावात धरलंच, तर २४ तासांत न्यायाधीशांपुढं नेणं बंधनकारक आहे. अटक दुसऱ्या जिल्ह्यात झाली आणि वॉरंट काढणारं कोर्ट ३० किलोमीटरच्या पलीकडं असेल, तर आधी जवळच्या दंडाधिकाऱ्यापुढं किंवा एसपींपुढं नेतात. गुन्हा जामीनपात्र असला तर तिथंच जामीन घेऊन कागद मूळ कोर्टाकडं पाठवायची तरतूद आहे. अण्णांच्या गोळ्या आणि डॉक्टरची चिठ्ठी खिशात असू द्या.

वकिलाची फी झेपत नसेल तर १५१०० ला फोन करा. वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात मोफत वकील मिळतो. बायांना आणि अनुसूचित जाती-जमातींना तर उत्पन्नाची अटच नाही.

माजी शिरस्तेदार

वॉरंट रद्द झालं की लगेच एसटी धरू नका. कोर्टाचा आदेश झाला तरी पोलीस ठाण्यातलं वॉरंट तसंच राहतं, जोवर ते परत मागवल्याचं पत्र तिथं पोचत नाही. मुंबईत एका वकिलालाच आधीच रद्द झालेल्या वॉरंटवर १५ ऑगस्ट २००२ ला अटक झाली होती. त्यांच्याकडं दाखवायला कागद नव्हता. ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २०११ मध्ये वॉरंटच्या नोंदी कशा ठेवायच्या याच्या सूचना निघाल्या. तेव्हा आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल घ्या, ठाण्याच्या पत्राचा जावक क्रमांक लिहून घ्या, आणि गावी आल्यावर समन्स-वॉरंटच्या हवालदारांकडून नोंदवहीत ‘रद्द’ लिहून घ्या. ते लिहिताना समोर उभं राहा.

बालाघाट

मंडळी, वॉरंट रद्द झालं. न्यायाधीशांनी अण्णांना विचारलं, समन्स मिळालं होतं का. अण्णांनी बिलं पुढं केली, त्यांवरच्या तारखा साहेबांनी स्वतः वाचल्या. थोडी कॉस्ट बसली. मामांचा केजचा सातबारा चालला, वकिलांनी मोती रामचं नाव काढल्यावर कुणी हरकत घेतली नाही. दर तारखेला यायला लागू नये म्हणून गैरहजेरी माफीचा अर्जही दिलाय, तोडीच्या काळात वकील हजर राहतील. गावच्या ठाण्यात हवालदारांनी पत्र बघितलं, वहीत लाल पेनानं रद्द लिहून तारीख टाकली. अण्णा त्या रात्री पोटभर जेवले. तुम्हा सगळ्यांचे उपकार आहेत.

एक राहिलं. चेक कोरा दिला होता, म्हणजे केस आपोआप पडेल ना?

मांजराकाठ

नाही. सही तुमची असेल तर रक्कम दुसऱ्यानं भरली तरी कोर्ट आधी देणं आहे असंच धरतं, ते खोटं पाडायचं ओझं अण्णांवर. सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये हेच सांगितलंय. म्हणून उचलीची वही, फेडलेल्या हप्त्यांच्या पावत्या, पळालेल्या कोयत्यांची नावं आत्ताच गोळा करा. तडजोड मात्र कोणत्याही टप्प्यावर होते, लोकअदालतीतही.

बालाघाट

वही आईनं पत्र्याच्या पेटीत ठेवलीय, सगळी आहे. लोकअदालतीच्या आधी ठेकेदाराच्या वकिलाशी बोलायचं ठरलंय. मुद्दल कसं धरायचं यावर वेगळा धागा काढतो. ज्या मुकादमांनी असा हिशोब मिटवलाय, त्यांनी तिथं नक्की लिहा.