टाके सुकल्यानंतरही बेंबीजवळच्या व्रणाकडे लक्ष असावे

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर पंधरा दिवस ताप आला नाही आणि टाके कोरडे राहिले म्हणजे धोका टळला, असे अनेकदा म्हटले जाते. आतड्याची किंवा पित्तनलिकेची इजा बहुधा पहिल्या काही दिवसांतच कळते, तेवढ्यापुरते ते पटते. परंतु दुर्बीण आत घालण्यासाठी पाडलेल्या छिद्राच्या जागी उशिरा होणाऱ्या एका संसर्गाला हा हिशेब लागू पडत नाही.

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी माझ्या मोठ्या आईची पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. सव्वा महिन्याने, कापसाची वेचणी ऐन भरात असताना, बेंबीजवळच्या व्रणाखाली वाटाण्याएवढी गाठ आली; दुखणे नाही, ताप नाही, फक्त लुगड्याच्या निऱ्यांवर रोज पाण्यासारख्या पुवाचा रुपयाएवढा डाग. तीनदा प्रतिजैविके बदलली, तरी जखम भरे आणि पुन्हा फुटे. क्षयाच्या जंतूंच्या जातकुळीतले, पण क्षय न करणारे जंतू शोधण्यासाठी पू मुद्दाम पाठवला, तेव्हा कुठे निदान झाले. हे जंतू नळाच्या पाण्यातही असतात. शस्त्रक्रियेची सांधे असलेली उपकरणे आतून नीट न घासता ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशक द्रावणात थोडाच वेळ बुडवली आणि साध्या पाण्याने धुतली, तर ते थेट पोटाच्या भिंतीत पोचतात. नेहमीच्या पू-तपासणीत ते बहुधा सापडत नाहीत, म्हणून महिनाभरानंतर व्रण वाहू लागल्यास मायकोबॅक्टेरियाच्या (म्हणजे क्षयाच्या जातकुळीतल्या याच जंतूंच्या) कल्चरविषयी, म्हणजे पुवातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीविषयी, डॉक्टरांना आवर्जून विचारावे. मोठ्या आईला क्लॅरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकासह दोन औषधे सहा महिने घ्यावी लागली.