मदत हवी आहे: कॉलेज बास्केटबॉलमध्ये लेकीला कन्कशन, आणि ती ट्रेनरला खरं सांगत नाहीये

नमस्कार मंडळी,

इथे बरीच वर्षं नुसती वाचते आहे, लिहायची वेळ आज पहिल्यांदा आली. उत्तर गुरुवारच्या आत हवं आहे, म्हणून आधी प्रश्न आणि मग बाकीचं.

माझी लेक १९ वर्षांची. पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, तिथल्या मुलींच्या टीममध्ये गार्ड खेळते. डिव्हिजन थ्री, म्हणजे खेळासाठी स्कॉलरशिप वगैरे काही नाही, निव्वळ आवडीनं खेळते. पाच आठवड्यांपूर्वी मॅचमध्ये तिला कन्कशन झालं, म्हणजे डोक्याला मार बसून मेंदूला धक्का बसला. ट्रेनरला, म्हणजे टीमच्या दुखापती बघणाऱ्या बाईंना, ती रोज सांगते, आता काही त्रास नाही. मला रात्री फोनवर सांगते, वर्गात प्रोजेक्टरकडे बघवत नाही. गुरुवारी टीमचे डॉक्टर तिला पूर्ण सरावाला सोडायचं की नाही ते ठरवणार आहेत, कारण पुढच्या आठवड्यात कॉन्फरन्सची, म्हणजे त्यांच्या गटातल्या कॉलेजांची, टूर्नामेंट आहे. तिनं मला शपथ घातली आहे की कुणाला सांगायचं नाही. मी ट्रेनरला फोन करू का?

आता सगळं सविस्तर. तिसऱ्या क्वार्टरमध्ये सुटलेल्या बॉलवर तिनं झेप घेतली, त्याच वेळी समोरची मुलगीही वाकली आणि तिचं कोपर हिच्या कानशिलावर बसलं. बेशुद्ध पडली नाही, रक्त नाही, टेंगूळसुद्धा नाही. निव्वळ मुका मार. उठली आणि उरलेली मॅच खेळली. आम्ही घरी लॅपटॉपवर बघत होतो, मी टाळ्याही वाजवल्या. त्या टाळ्या मला अजून टोचतात.

दोन दिवस तिनं कुणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी पुस्तकातल्या ओळी हलायला लागल्या तेव्हा ती ट्रेनरकडे गेली. सीटी स्कॅन नॉर्मल आला. मी चार तास गाडी चालवत जाऊन तिला घरी आणलं आणि सांगलीहून माझ्या आईनं सांगितलं तसं नऊ दिवस पडदे ओढून अंधाऱ्या खोलीत झोपवून ठेवलं. फोन नाही, पुस्तक नाही, फिरणंही नाही. आता वाचते आहे की हे चुकलं. किती चुकलं, हेही कुणी स्पष्ट सांगा, मला लपवू नका.

कॉलेजला फोन केला तर म्हणाले, ती सज्ञान आहे, तिच्या सहीशिवाय आम्ही तुमच्याशी तिच्या तब्येतीबद्दल बोलू शकत नाही. फी आम्ही भरतो आणि डोक्याचं काय झालं ते विचारायचं नाही, हे पचवायला मला दोन दिवस लागले.

आणखी एक सांगायचं आहे. मी शाळेत खो-खो खेळायचे. गुडघे फुटले की हळद दाबायची आणि परत मैदानात. "लागलं तरी उठून उभं राहायचं" हे वाक्य मीच तिला लहानपणापासून ऐकवलं आहे. आता तिनं ते माझ्यावरच उलटवलं: "आई, तूच म्हणायचीस ना?" मला उत्तर देता आलं नाही.

ओलीमाती: ताई, मी शिकागोत फिजिओथेरपिस्ट आहे, तोल आणि चक्कर यांचे पेशंट बघते. तुमच्या लेकीला मी तपासलेलं नाही, तेव्हा हे सर्वसाधारण समजा.

आधी अंधाऱ्या खोलीचं. दहा-पंधरा वर्षांपूर्वी डॉक्टरही हेच सांगायचे, त्यामुळे स्वतःला दोष देऊ नका. २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमला जगभरातले तज्ज्ञ बसले होते, त्यांचं म्हणणं आता असं आहे: पहिले २४ ते ४८ तास बेताची विश्रांती, तेव्हा स्क्रीन कमी, आणि मग हळूहळू चालणं, सायकल. त्रास थोडा वाढला तरी चालतो, म्हणजे शून्य ते दहाच्या मापात दोन अंकांपर्यंत आणि तासाभरात उतरला पाहिजे. बफेलो विद्यापीठातल्या डॉ. जॉन लेडी यांच्या गटानं १३ ते १८ वर्षांच्या खेळाडूंवर अभ्यास केला होता. बेतशीर व्यायाम करणारी मुलं साधारण १३ दिवसांत बरी झाली, नुसतं स्ट्रेचिंग करणारी १७ दिवसांत. नऊ दिवसांच्या अंधारानं वेळ गेला असेल, मेंदूला कायमची इजा झालेली नाही.

सीटी नॉर्मल येणारच. तो रक्तस्राव झाला नाही ना हे बघायला असतो, कन्कशन त्यात दिसत नाही. आणि इथेच तुमच्या प्रश्नाची खरी अडचण आहे. एवढी यंत्रं असूनही शेवटी डॉक्टर विचारतात, "डोकं दुखतंय का?" आणि मुलगी जे सांगेल ते लिहून घेतात. तिनं शून्य सांगितलं तर पुढचा सगळा निर्णय त्या शून्यावर उभा राहतो.

चार आठवड्यांच्या पुढे त्रास गेला की "आपोआप जाईल" म्हणून थांबायचं नसतं. ओळी हलतात, प्रोजेक्टर सोसवत नाही, यावरून डोळ्यांची एकत्र वळायची क्षमता, कानातलं तोल सांभाळणारं अंग आणि मान, या तिन्हींची नीट तपासणी व्हायला हवी. मान तर हमखास राहून जाते. कोपराचा फटका डोक्याला बसला तरी झटका मानेलाही बसतो. यावर उपचार आहेत आणि ते चांगले लागू पडतात.

डोकेदुखी एकदम वाढत गेली, परत परत उलट्या झाल्या, बोलणं अडखळलं, एका बाजूला अशक्तपणा आला, फिट आली किंवा उठवूनही उठेना, तर मात्र थेट ९११ ला फोन.

चाफेकळी: काकू, मी तुमच्या लेकीच्या जागी होते. न्यू जर्सीत वाढले, कॉलेजात चार वर्षं खेळायचं ठरवलं होतं, अडीच खेळले.

आम्ही काय करायचो ते सांगते, कारण ट्रेनर तुम्हाला सांगणार नाही. सीझनच्या आधी कॉम्प्युटरवर एक चाचणी होते, आठवण आणि वेग मोजणारी. डोक्याला लागलं की पुन्हा तीच घेतात आणि आकडे ताडून बघतात. काही मुली ती पहिली चाचणी मुद्दाम वाईट द्यायच्या, म्हणजे नंतर लागलं तरी फरक दिसायला नको. मीही दिली. मला सेकंड इयरला कोपर लागलं, मी आठ दिवसांत "बरी" झाले, आणि तीन आठवड्यांनी सरावात साध्या स्क्रीनवर, म्हणजे वाट अडवून उभ्या असलेल्या मुलीवर, आपटले. धक्का अगदी किरकोळ होता. त्यानंतर अख्खं सेमिस्टर गेलं. केमिस्ट्रीचं पान चार वेळा वाचायचे आणि पाचव्यांदा पुस्तक मिटून रडायचे.

मी खोटं का बोलले? कोचच्या भीतीनं नाही. आमचे कोच चांगले होते. माझ्या जागी जी खेळेल ती माझीच रूममेट होती, आणि "नुसती डोकेदुखी आहे" असं सांगून तिच्याशेजारी बाकावर बसायची मला लाज वाटायची. पायाला प्लास्टर असतं तर ते सगळ्यांना दिसलं असतं. डोक्याला काही दिसत नाही, मग आपण नाटक करतोय असं आपल्यालाच वाटायला लागतं.

ट्रेनरला फोन करा, पण तिच्या पाठीमागे नको. आधी तिला सांगा: बुधवारी रात्रीपर्यंत तू सांग, नाहीतर गुरुवारी सकाळी मी सांगणार. माझ्या आईनं हे केलं असतं तर मी महिनाभर तिच्याशी बोलले नसते. पण केलं असतं तर बरं झालं असतं.

दगडूशेठपेठ: पुण्याहून लिहितोय, बास्केटबॉलमधलं फारसं कळत नाही. क्रिकेटमध्ये डोक्याला लागलेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू द्यायचा नियम आयसीसीनं २०१९ मध्ये आणला. डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेराला जडेजाच्या जागी चहल आला होता, आठवत असेल. बास्केटबॉलमध्ये तर हवे तेवढे बदल करता येतात, मग मुलीला बाहेर बसवायला काय हरकत? आणि स्पष्ट लिहितो, राग मानू नका: मुलींनी एवढा धसमुसळा खेळ खेळायलाच हवा का?

(धागाकर्ती): दादा, राग नाही. पण खेळ सोड असं मी तिला सांगणार नाही. बॉल हातात आला की ती जशी दिसते तशी घरात कधीच दिसत नाही. तिला नीट बरी होऊन खेळू दे, एवढंच मागणं आहे. बदलीबद्दल मात्र तुमचं अगदी पटलं. बाहेर काढायला कुठलाच नियम आड येत नाही, तरी ती बाहेर आली नाही.

हार्टफर्डकर: काकू, मुलींच्या बास्केटबॉलमध्ये कन्कशनचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त दिसतं, हे एनसीएएच्या (इथल्या कॉलेजांच्या खेळांची संघटना) नोंदींवर झालेल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा आलं आहे. मानेचे स्नायू, हार्मोन, मुली त्रास जास्त मोकळेपणानं सांगतात, अशी कारणं चर्चेत आहेत. त्यामुळे हिच्या नशिबीच हे आलं असं समजू नका.

लेकीला यूकॉनच्या, म्हणजे कनेक्टिकट विद्यापीठाच्या टीममधल्या, कॅरोलिन डुशार्मबद्दल विचारा, तिला माहीत असणारच. आधी कन्कशन, मग डोकं आणि मानेचा त्रास. नोव्हेंबर २०२३ मध्ये जी बाहेर गेली ती थेट फेब्रुवारी २०२५ मध्ये मैदानात परतली. एप्रिलमध्ये साऊथ कॅरोलायनाला ८२-५९ हरवून टीम चॅम्पियन झाली, तेव्हा ती टीममध्ये होती. देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या टीमनं तिच्यासाठी एवढे दिवस वाट पाहिली. तुमच्या लेकीला एक टूर्नामेंट सोडायला लाज वाटायचं कारण नाही.

आता कामाचं. सहीशिवाय कॉलेज तुम्हाला सांगू शकत नाही, पण तुम्ही त्यांना सांगू शकता. ट्रेनरनं ऐकून घेण्यावर काही बंदी नाही. लेकीनं संमतीपत्रावर सही केली की मग तेही तुमच्याशी बोलतील, ती सही आजच मागा. खेळायला सोडायचं की नाही हा निर्णय एनसीएएच्या नियमानुसार वैद्यकीय लोकांचा असतो, कोचला त्यात ढवळाढवळ करता येत नाही. आणि दर वर्षी खेळाडू एका कागदावर सही करतात की कन्कशनची लक्षणं दिसली तर मी स्वतः सांगेन. तिनंही केली असेल.

अभ्यासासाठी डिसेबिलिटी ऑफिसला ईमेल करायला सांगा. तात्पुरत्या त्रासालाही सहसा जादा वेळ, नोट्स, परीक्षा पुढे ढकलणं अशा सवलती मिळतात. तिनं मागितलंच नसेल, कारण मागितलं तर त्रास आहे हे कबूल करावं लागेल.

ओलीमाती: एक राहिलं. २०१६ मध्ये 'पीडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता: लागल्यावर लगेच बाहेर आलेल्या खेळाडूंना बरं व्हायला सरासरी २२ दिवस, खेळत राहिलेल्यांना ४४. गट लहान होता, ६९ जणांचा. पण लेकीला हे आकडे दाखवा. ती उरलेली मॅच खेळली होती, म्हणजे पाच आठवडे लागणं यात तिचा कमकुवतपणा नाही, हे तिला कळेल.

(धागाकर्ती): सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला.

मंगळवारी रात्री व्हिडिओ कॉल केला. चाफेकळीनं लिहिलेलं तिला मराठीतच वाचून दाखवलं. प्लास्टरच्या वाक्याशी ती गप्प झाली. मग मी तिला सांगितलं की खो-खोत गुडघा फुटला की गुडघा दिसायचा, सरांना दिसायचा, मैत्रिणींना दिसायचा. मी उठले ते सगळ्यांच्या देखत उठले. तू लपवून उठते आहेस. माझं ते वाक्य मी परत घेतलं, तसं शब्दांत सांगितलं. मग बुधवारची मुदत सांगितली. तिनं फोन ठेवून दिला.

बुधवारी दुपारी तिचा मेसेज आला: "सांगितलं." ट्रेनर रागावली नाही म्हणे, तिच्याजवळ खुर्ची ओढून बसली. गुरुवारी डॉक्टरांनी सराव थांबवला, टूर्नामेंट गेली. बेंचवर बसेन, हॉलचे दिवे सोसले तर, असं म्हणते आहे. संमतीपत्रावर सही केली. माझ्याशी नेमकं कामापुरतं बोलते आहे.

मान आणि डोळ्यांची तपासणी करणारा थेरपिस्ट कॉलेजजवळ नाही, सगळ्यात जवळचा दीड तासावर आहे आणि तिथे तीन आठवड्यांनी वेळ मिळतो आहे. हॅरिसबर्ग किंवा लँकेस्टरच्या बाजूला कुणाचा अनुभव आहे का? आठवड्यातून दोनदा तिला न्यायला मी यायला तयार आहे.