‘नॉटविथस्टँडिंग’ला मराठीत काय म्हणावं?

‘नॉटविथस्टँडिंग’ (notwithstanding) या इंग्रजी शब्दाला ‘तथापि’ चालेल का, असं कुणीतरी विचारलंय. माझ्या मते नाही. ‘तथापि’ एक वाक्य संपल्यावर दुसरं सुरू करायला लागतं, ते ‘हाउएव्हर’चं काम. ‘नॉटविथस्टँडिंग’ला कर्म लागतं, म्हणजे काय असूनही ते सांगणारं नाम सोबत लागतं, म्हणून साध्या लिखाणात त्याला ‘असूनही’ किंवा ‘असला तरी’ बरं. गंमत म्हणजे इंग्रजीत हा शब्द नामाच्या मागूनही येतो: ‘द रेन नॉटविथस्टँडिंग’. अगदी आपल्या ‘पाऊस असूनही’सारखा!

कायद्यात मात्र जपून. मध्यंतरी एक भाडेकरार तपासायला आला होता. कलम ७ : मुदतीआधी घर सोडल्यास अनामत परत मिळणार नाही. कलम ८ ची सुरुवात ‘नॉटविथस्टँडिंग क्लॉज सेव्हन’ अशी, आणि पुढे : मालकानेच घर सोडायला सांगितलं तर पूर्ण अनामत परत. भाषांतरात लिहिलं होतं ‘कलम ७ नुसार’. एका ‘नुसार’ने भाडेकरूचे पैसे गेले असते. तिथे हवं होतं ‘कलम ७ मध्ये काहीही म्हटलेले असले तरी’. लांबलचक वाटतं, पण ते तसंच ठेवा. दोन कलमं भांडली तर कुणाचं ऐकायचं, हे त्यातच ठरतं.

‘सब्जेक्ट टु’ याच्या बरोबर उलट. ‘कलम ७ च्या अधीन राहून’ म्हटलं की ७ वरचढ.

संविधानातला अनुच्छेद ३७१(२) पाहा. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विकास मंडळांची तरतूद तिथे आहे, आणि तिची सुरुवातच ‘या संविधानात काहीही असले तरी’ अशी.

मूळ लॅटिन ‘नॉन ऑब्स्तांते’, म्हणजे ‘आड न येता’. ‘विथस्टँड’ म्हणजे विरोध करणं, समोर टिकून राहणं. त्याला ‘नॉट’ जोडून इंग्रजीने तोच अर्थ उतरवला. बोलताना आपणही म्हणतोच की, ‘वय आड आलं नाही’. भाषणात, लेखात हा वाक्प्रचार जरूर वापरावा, करारात नको.

अडतं ते या शब्दाचं नाम करताना. कॅनडाच्या १९८२ च्या हक्कांच्या सनदेतलं कलम ३३ ‘नॉटविथस्टँडिंग क्लॉज’ म्हणूनच ओळखलं जातं. त्याच्या आधारे तिथली विधिमंडळं सनदेतले काही हक्क बाजूला ठेवून कायदा करू शकतात, एका वेळी जास्तीत जास्त ५ वर्षांसाठी. ‘काहीही असले तरी कलम’ हे बातमीच्या मथळ्यात कसं बसवणार? मी ‘वरचढ कलम’ लिहितो. याहून नेमका शब्द कुणाकडे असेल तर जरूर सांगा.